पिठाचा कण आणि बालकांचा दमा

धान्य दळून त्याचें पीठ करणें ही मानवाच्या अत्यंत प्राचीन कलांपैकीं एक कला होय. मातेच्या दुधानंतर बालकाच्या मुखांत जो पहिला घांस पडतो, तो पुष्कळ देशांत कोणत्या ना कोणत्या पिठाचाच असतो. महाराष्ट्रांत तें नाचणीचें सत्त्व असेल, युरोपांत गव्हाची किंवा ओटची लापशी असेल; पण मूल अन्नाला लागलें, म्हणजे तें पिठाला लागलें, असें म्हणण्यास फारशी हरकत नाहीं. अशा या सर्वपरिचित अन्नाच्या एका घांसानें एखाद्या मुलाच्या अंगावर गांधी उठाव्या, ओठ सुजावे, छातींत घरघर सुरू व्हावी, आणि त्याच पंक्तीला बसून तेंच अन्न खाणाऱ्या त्याच्या भावंडांना मात्र कांहींच होऊं नये, या प्रकाराचा उलगडा वैद्यशास्त्राला शतकानुशतकें झाला नव्हता. तो उलगडा कसकसा होत गेला, वाटेंत कोणत्या चुका झाल्या आणि त्या चुकांचा भार मुलांना व त्यांच्या मातांना कसा सोसावा लागला, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

दम्याचा रोग नवा नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत हिक्का आणि श्वास यांवर एक स्वतंत्र अध्याय असून त्यांत श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पांच प्रकार सांगितले आहेत. यांपैकीं तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं इतकें जुळतें, कीं वाचणाऱ्यास नवल वाटावें. रोग्याला निजतां येत नाहीं, उठून बसल्यानें थोडें बरें वाटतें, ढगाळ व थंड हवेंत त्रास वाढतो, या सर्व गोष्टी ग्रंथकारानें टिपून ठेवल्या आहेत. श्वासाच्या कारणांची जी यादी तेथें दिली आहे, तिच्या आरंभींच धूळ आणि धूर यांचा उल्लेख आहे. म्हणजे श्वासाबरोबर शरीरांत जाणारे सूक्ष्म कण दमा उत्पन्न करूं शकतात, हें या देशांतील वैद्यांना फार पूर्वींच ठाऊक होतें. परंतु सर्वांच्या नाकांत जाणारी धूळ एखाद्यालाच कां बाधते, या प्रश्नाचें उत्तर त्या काळीं कोणत्याही देशांत कोणापाशीं नव्हतें.

पिठाच्या धुळीवर पहिलें नेमकें बोट ठेवलें तें इटलींतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानें. इ. स. १७०० मध्यें मोदेना येथें त्याचा कारागिरांच्या रोगांवरील लॅटिन ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. रामाझ्झिनी हा विद्यापीठांतला अध्यापक खरा. पण तो चर्मकारांच्या, कुंभारांच्या आणि भटारखान्यांतील कामगारांच्या अंधाऱ्या खोल्यांत जाऊन त्यांचें काम पाहत असे. पाव भाजणारे आणि पीठ चाळणारे लोक यांच्यासंबंधीं त्यानें लिहिलें आहे, कीं उडणारें पीठ श्वासाबरोबर आंत जातें, घसा व छाती त्यानें भरून येते, आवाज बसतो, खोकला जडतो आणि शेवटीं माणूस दमेकरी होतो. रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं त्याचा धंदा विचारीत जावा, हा त्याचा उपदेश पुढें जगभर प्रसिद्ध झाला. पिठाच्या दम्याची ही पहिली स्पष्ट नोंद मोठ्या माणसांची होती. मुलांकडे लक्ष जाण्यास अजून दोनशें वर्षें लागावयाचीं होतीं.

याच काळांत महाराष्ट्रांत दळणाची रीत निराळी होती. येथें घरोघर जातें होतें आणि पहांटेच्या अंधारांत, ओवी गात, घरांतल्या स्त्रियाच दळण दळीत. पिठाची धूळ येथें कोणा एका व्यवसायाच्या वांट्याला आली नव्हती. थोडी थोडी ती प्रत्येक घरच्या स्त्रीच्या आणि तिच्या मांडीवर डोकें ठेवून निजलेल्या मुलाच्याही वांट्याला येत होती. पुढें यंत्राच्या गिरण्या आल्या, स्त्रियांचे हात त्या कष्टांतून मोकळे झाले, आणि जी धूळ पूर्वीं घरोघर विखुरलेली होती ती गिरणीच्या एका खोलींत एकवटली. भिंतींपासून पापण्यांपर्यंत पांढराशुभ्र झालेला गिरणीवाला हा रामाझ्झिनीच्या वर्णनांतील कामगाराचाच जातभाई होय.

एकोणिसाव्या शतकांत दम्याचा विचार करणाऱ्या वैद्यांपैकीं कित्येक स्वतःच या रोगानें पीडित होते. १८१९ सालीं लंडनच्या जॉन बॉस्टॉक यांनीं दर उन्हाळ्यांत होणाऱ्या आपल्याच शिंकांचें व धापेचें वर्णन प्रसिद्ध केलें. १८६० सालीं दम्यावर मोठा ग्रंथ लिहिणारे हेन्री हाइड सॉल्टर हे लहानपणापासून दमेकरी होते. मांजराच्या सहवासानें आपल्याला धाप लागते, हें त्यांनीं स्वानुभवानें नोंदविलें. तरीही मूळ रोग मज्जातंतूंचा आहे, हें मत त्यांनीं सोडलें नाहीं. १८७३ सालीं मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनीं आपल्या हाताची त्वचा ओरबाडून तीवर गवताचे पराग लावले, तेव्हां तेथें गांध उठली. त्वचेवरील परीक्षेचा हा आरंभ होता. एखादा निरुपद्रवी कण एखाद्याच व्यक्तीला बाधतो आणि ती बाधा त्वचेवर प्रत्यक्ष दाखवितां येते, एवढी गोष्ट या प्रयोगानें सिद्ध झाली. कां बाधतो, हें मात्र अद्याप गूढच राहिलें.

त्या गूढाला नांव मिळालें तें व्हिएन्नाच्या एका बालवैद्यामुळें. क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या रुग्णालयांत घटसर्पादि रोगांवर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली लस मुलांना टोंचीत असत. पहिल्या वेळीं ती बहुधा सुखरूप पचे. परंतु तीच दुसऱ्यांदा टोंचली असतां कांहीं मुलांना तत्काळ ताप, सूज आणि पुरळ येई. पहिल्या भेटीनें शरीराचा स्वभावच पालटतो आणि दुसऱ्या भेटींत तें निराळी प्रतिक्रिया देतें, असें पिर्के यांनीं ओळखलें आणि १९०६ सालीं या पालटलेल्या प्रतिक्रियेस त्यांनीं ग्रीक शब्दांवरून ‘ॲलर्जी’ असें नांव दिलें. त्यापूर्वीं चारच वर्षें, १९०२ सालीं, पॅरिसचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत असें आढळलें होतें, कीं समुद्रांतील प्राण्याचें विष अल्प प्रमाणांत दुसऱ्यांदा दिलें असतां संरक्षण मिळण्याऐवजीं कुत्रा कांहीं मिनिटांत मरतो. या प्राणघातक प्रतिक्रियेस त्यांनीं ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलें. रिशे यांना त्यासाठीं १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मुलांच्या अन्नाकडे या नव्या दृष्टीनें पाहतां येऊं लागलें. १९०८ सालीं लंडनच्या आल्फ्रेड स्कोफील्ड यांनीं एका तेरा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. अंड्याचा अंश पोटांत गेला तरी त्याचा जीव धोक्यांत येई. स्कोफील्ड यांनीं त्याला अंड्याचा अत्यंत सूक्ष्म अंश गोळींतून देण्यास आरंभ केला, कित्येक महिने तो हळूहळू वाढवीत नेला आणि अखेरीस तो मुलगा अंडें खाऊं लागला. १९१२ सालीं न्यूयॉर्कचे ऑस्कर श्लॉस यांनीं अशाच एका मुलाच्या त्वचेवर निरनिराळ्या अन्नांचे अर्क लावून पाहिले. अंडें, बदाम आणि ओट यांच्या जागीं गांधी उठल्या आणि तेच पदार्थ त्याला खाण्यांतही सोसत नव्हते. धान्याचा अंश एखाद्या बालकाला बाधूं शकतो, हें येथें परीक्षेनें दिसून आलें. १९१४ सालीं बोस्टनचे फ्रिट्झ टॅलबट यांनीं मुलांचा दमा आणि अंडें यांचा संबंध दाखविला. त्याच शहरांत आयझॅक चँडलर वॉकर यांनीं शेंकडों दमेकऱ्यांच्या त्वचेवर गहूं, घोड्याचा कोंडा, पिसें इत्यादि पदार्थांची परीक्षा केली. रामाझ्झिनीच्या कामगाराला ज्या कणानें धाप लागे, त्याच गव्हाची खूण आतां त्वचेवर वाचतां येऊं लागली.

रोगाचें बीज रक्तांत असतें, हें १९२१ सालीं ब्रेस्लाउ येथें उघड झालें. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजविलेली मासळी सोसत नसे. त्यांच्या रक्तांतील द्रवाचा अल्प अंश कार्ल प्राउस्निट्झ यांनीं आपल्या त्वचेंत टोंचून घेतला आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क टोंचला. प्राउस्निट्झ यांना मासळीपासून कधींच त्रास झाला नव्हता. तरी त्या जागीं लगेच गांध उठली. रक्तांतील कोणता तरी पदार्थ ही शत्रुबुद्धि एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत घेऊन जातो, हें निश्चित झालें. पण तो पदार्थ हातीं येण्यास आणखी पंचेचाळीस वर्षें जावीं लागलीं. दरम्यान रॉबर्ट कुक यांनीं १९१६ सालीं दाखविलें होतें, कीं ही प्रवृत्ति पुष्कळदां घराण्यांतून येते. १९२३ सालीं आर्थर कोका यांच्यासह त्यांनीं अशा आनुवंशिक प्रवृत्तीस ‘ॲटोपी’ हें नांव दिलें. बाल्यांत इसब, पुढें अन्नाची बाधा आणि मग दमा, अशी एका मागून एक येणारी व्याधींची पंक्ति याच प्रवृत्तीच्या मुलांत विशेष दिसते.

नवें साधन हातीं आलें, म्हणजे त्याचा अतिरेक होतोच. त्वचेवर गांध उठली कीं तें अन्न वर्ज्य, असा सरळ हिशेब कित्येक वैद्य मांडूं लागले. कॅलिफोर्नियांतील आल्बर्ट रो यांनीं १९२० नंतरच्या दशकांत वर्ज्य-आहाराची पद्धति बसविली. गहूं, दूध, अंडें हे पदार्थ कांहीं काळ पूर्ण बंद करावयाचे आणि मग एकेक पुन्हां सुरू करून पाहावयाचें, हा तिचा गाभा. पद्धतींत तथ्य होतें. रोग ओळखण्यास ती आजही उपयोगी पडते. परंतु दुसरा भाग विसरून पहिलाच धरून बसल्यानें कित्येक मुलांच्या पानांतून एकेक अन्न नाहींसें होत गेलें. गहूं गेला, दूध गेलें, अंडें गेलें. दमा मात्र होता तसाच राहिला, आणि वाढत्या वयाचें मूल दम्याखेरीज उपासमारीनेंही खंगूं लागलें. पावावर किंवा पोळीवर ज्या घराची गुजराण, तेथें ‘गहूं बंद’ हे दोन शब्द उच्चारणें वैद्याला सोपें होतें. तें पाळणें आईला किती कठीण होतें, हें औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलें नसे.

याच काळांत दुसऱ्या टोंकाला जाणारें एक मतही प्रबळ होतें. १९४१ सालीं शिकागोचे टॉमस फ्रेंच आणि फ्रान्झ अलेक्झांडर यांनीं प्रतिपादन केलें, कीं दम्याच्या मुळाशीं आई दुरावेल ही भीति असते आणि दम्याची धाप हें जणुं आईसाठीं दाबून ठेवलेलें रडणेंच होय. दोष कणाचा नव्हे तर मनाचा, आणि मनाचा म्हणजे पर्यायानें आईचा, असा त्याचा अर्थ समाजांत लावला गेला. मुलाला जपणारी आई फाजील जपते म्हणून दमा, आणि न जपणारी दुर्लक्ष करते म्हणून दमा, अशा कात्रींत ती माउली सांपडली. न्यूयॉर्कचे मरे पेश्किन यांना असें आढळलें होतें, कीं औषधांना दाद न देणारीं कित्येक मुलें घरापासून दूर नेलीं असतां बरीं होतात. त्यावरून मुलाला आई-बापांपासून वेगळें करण्याच्या उपचारास ‘पॅरेंटेक्टमी’ असें शस्त्रक्रियेचें भासणारें नांव मिळालें. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं दमेकरी मुलांसाठीं जी वसतिसंस्था होती, तेथें देशांतील दूरदूरचीं मुलें महिनोन् महिने आई-बापांशिवाय राहत असत.

मुलें तेथें सुधारत, ही गोष्ट खरी होती. प्रश्न एवढाच होता, कीं कशामुळें? घर सुटलें म्हणजे केवळ आईच सुटते असें नाहीं. घरांतली गादी सुटते, उशी सुटते, मांजर सुटतें आणि स्वयंपाकघरही सुटतें. १९६४ सालीं नेदरलँड्समधील लायडन येथें रेनडर्ट फोरहॉर्स्ट आणि फ्रित्स स्पीक्स्मा यांनीं दाखवून दिलें, कीं घरच्या धुळींतील बाधक अंश मुख्यतः नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या एका किड्याचा, म्हणजे धुळींतील माइटचा असतो. हा जीव दमट हवेंत वाढतो. कोरड्या आणि उंच प्रदेशांत तो फारसा टिकत नाहीं. डेन्व्हर हें समुद्रसपाटीपासून सुमारें एक मैल उंचीवरील कोरड्या हवेचें शहर आहे. मुलांचा श्वास मोकळा होण्यास एवढी गोष्ट पुष्कळ अंशीं कारण झाली असावी, असें नंतरच्या काळांत मानलें जाऊं लागलें. ज्या मातांच्या माथीं मुलाचा रोग मारला गेला होता, त्यांच्यापैकीं कित्येकींच्या घरीं खरा अपराधी गादींत लपलेला होता.

इतिहासाची गंमत अशी, कीं ज्या संस्थेनें मुलांना मातांपासून वेगळें ठेवलें, तिच्याच संशोधनशाळेंत या रोगाचा रक्तांतील दूत हातीं लागला. १९६६ सालीं डेन्व्हर येथें किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें प्राउस्निट्झ यांच्या प्रयोगांतील गूढ पदार्थ ओळखला. स्वीडनमधील उप्साला येथें गुन्नर योहान्सन आणि हान्स बेनिख हेही स्वतंत्रपणें त्याच शोधावर पोंचले होते. १९६८ सालीं त्यास ‘इम्युनोग्लोब्युलिन-ई’ असें नांव मिळालें. गव्हाच्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध हा पदार्थ शरीरांत तयार झाला, म्हणजे तो त्वचेंतील, आंतड्यांतील व श्वासनलिकांतील विशिष्ट पेशींवर जाऊन बसतो. तेंच प्रथिन पुन्हां आलें, कीं त्या पेशी हिस्टामिन आणि इतर दाहक द्रव्यें सोडतात. त्वचेवर गांध, पोटांत कळ आणि वांती, छातींत आकुंचन, असा तिन्ही ठिकाणचा उपद्रव एकाच मूळ क्रियेचा आहे.

पुढचें पाऊलही डेन्व्हरमध्येंच पडलें. १९७६ सालीं तेथील चार्ल्स मे यांनीं दमेकरी मुलांची अन्नपरीक्षा नव्या रीतीनें केली. संशयित अन्नाची पूड अपारदर्शक कॅपसुलांत भरलेली असे. कोणत्या कॅपसुलांत अन्न आणि कोणत्या कॅपसुलांत निरुपद्रवी भुकटी, हें मुलालाही ठाऊक नसे आणि निरीक्षण करणाऱ्या वैद्यालाही नसे. या परीक्षेंत असें आढळलें, कीं ज्या अन्नांवर संशय होता आणि ज्यांनीं त्वचेवर गांधही उठली होती, त्यांपैकीं पुष्कळशीं अन्नें मुलें सुखानें खाऊं शकत होतीं. त्वचेवरील खूण म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतें एवढाच अर्थ. त्यानें रोग होतोच असें नाहीं. वर्षानुवर्षें वर्ज्य ठेवलेला घांस अनेक मुलांना परत मिळण्याचा मार्ग या एका साध्या युक्तीनें मोकळा झाला.

गव्हाच्या बाबतींत आणखी एका गोष्टीनें घोंटाळा माजविला होता. १८८८ सालीं लंडनच्या सॅम्युएल गी यांनीं लहान मुलांच्या एका क्षयकारी अतिसाराचें वर्णन केलें होतें. पोट फुगलेलें, हातपाय काडीसारखे आणि वाढ खुंटलेली, अशीं तीं मुलें असत. या रोगांत गहूंच अपायकारक आहे, असा संशय हेग येथील बालवैद्य विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आला होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडांत भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हां इतर मुलें खंगत असतां हीं मुलें मात्र सुधारूं लागलीं. पाव परत येतांच तीं पुन्हां आजारी पडलीं. डिके यांचा प्रबंध १९५० सालीं उट्रेख्ट येथें मान्य झाला. हा सीलिॲक रोग ॲलर्जीहून वेगळा आहे. त्यांत धाप लागत नाहीं, गांधी उठत नाहींत. आंतड्यांचें अस्तर हळूहळू झिजतें आणि गहूं, बार्ली व राय हीं धान्यें जन्मभर सोडावीं लागतात. गव्हाच्या ॲलर्जीचें तसें नाहीं, आणि हा भेद न कळल्यानें कित्येकांनीं एका रोगाचें पथ्य दुसऱ्यास लावलें.

पिठाच्या वाटा किती निरनिराळ्या आहेत, हें अलीकडच्या संशोधनानें अधिकाधिक दाखविलें आहे. पाव भाजणारा कामगार पिठाच्या धुळीनें धापा टाकतो. पण तोच कामगार भाजलेला पाव पुष्कळदां निर्धास्त खातो. नाकावाटें जाणाऱ्या कच्च्या प्रथिनाचा परिणाम आणि भाजून, पचून रक्तांत जाणाऱ्या अन्नाचा परिणाम हे एकच नव्हेत. १९८६ सालीं जर्मनीच्या संशोधकांनीं असेंही दाखविलें, कीं पीठ फुगावें म्हणून त्यांत मिसळलेलें बुरशीजन्य अल्फा-ॲमिलेज हेंही कामगारांच्या दम्याचें कारण होऊं शकतें. २००१ सालीं नेदरलँड्समध्यें भटारखान्यांतील कामगारांच्या घरांची धूळ तपासली, तेव्हां इतर घरांच्या मानानें तींत गव्हाचे व या ॲमिलेजचे अंश अधिक सांपडले. बाप कामावरून परत येतो, तेव्हां कपड्यांवरून आणि बुटांवरून पीठही घरीं येतें. रांगणाऱ्या मुलाचें नाक त्या जमिनीच्या सर्वांत जवळ असतें.

गहूं सोडून इतर पिठांचीही अशीच कथा आहे. बकव्हीट, म्हणजे उत्तर हिंदुस्थानांत उपासाला चालणारा कुट्टू, याच्या बाधेची हकीकत अमेरिकेंत १९०९ सालींच छापली गेली होती. जपान व कोरिया या देशांत याच धान्याच्या टरफलांनीं भरलेल्या उशा वापरीत. मुलें रात्रींच कां धापा टाकतात, या कोड्याचें उत्तर तेथें कांहीं घरांत उशींत सांपडलें. मुंबईंतील संशोधकांनीं २००१ सालीं हरभऱ्याच्या ॲलर्जीवरील अभ्यास प्रसिद्ध करून हरभरा हा या उपखंडांतील एक महत्त्वाचा बाधक पदार्थ असल्याचें दाखविलें. ज्या प्रांतांत पिठल्यापासून लाडवापर्यंत बेसनाचा संचार आहे, तेथें ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आणि कधीं कधीं तर पीठ स्वतः निर्दोष असतें. १९९३ सालीं अमेरिकेंतील एका रोग्याला तळलेल्या गोड पदार्थाच्या एका घांसानें जिवावरची बाधा झाली. त्याला गहूं सोसत होता, पण साठविलेल्या पिठांत माइट झाले होते. पुढें व्हेनेझुएलासारख्या उष्ण व दमट देशांत अशीं उदाहरणें पुष्कळ आढळलीं. धुळींतील माइटच्या एका जातीचें शास्त्रीय नांवच मुळीं पिठावरून पडलेलें आहे. या जीवाचीं प्रथिनें तव्यावरच्या उष्णतेनें पूर्णपणें नष्ट होत नाहींत. म्हणून दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, उघड्या पिशवींत पुष्कळ दिवस पडलेलें पीठ दमेकरी मुलाला वाढण्यापेक्षां थोडेंच दळून आणून घट्ट झांकणाच्या डब्यांत थंड जागीं ठेवणें बरें.

बाधा टाळण्याच्या उपायांतही शास्त्राला एकदां पूर्ण माघार घ्यावी लागली. २००० सालीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें सल्ला दिला, कीं ॲलर्जीची प्रवृत्ति असलेल्या घराण्यांतील मुलांना दूध एक वर्षापर्यंत, अंडें दोन वर्षांपर्यंत आणि भुईमूग व मासळी तीन वर्षांपर्यंत देऊं नये. अपरिचित अन्न उशिरा दिल्यास शरीर त्याला वैरी मानणार नाहीं, अशी कल्पना होती. २००६ सालीं डेन्व्हर येथें १६१२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर प्रथम धान्य मिळालेल्या मुलांत गव्हाची ॲलर्जी कमी नव्हे, तर अधिक आढळली. २००८ सालीं जुना सल्ला मागें घेण्यांत आला. २०१५ सालीं लंडनच्या गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं भुईमुगाच्या बाबतींत प्रत्यक्ष प्रयोगानें सिद्ध केलें, कीं प्रवृत्ति असलेल्या बालकांना तो लवकर व नियमित दिल्यास ॲलर्जी पुष्कळ कमी होते. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करून मुलाला घरच्या अन्नाची ओळख करून देण्याची जुनी रीत या बाबतींत शास्त्राच्या मार्गांत आली नाहीं. शास्त्रच वळसा घालून तिच्याजवळ आलें.

ज्यांना गव्हाची बाधा खरोखरच आहे, त्यांच्या मातापित्यांनाही इतिहासाच्या अखेरच्या पानांत धीर मिळण्याजोगें कांहीं आहे. बाल्टिमोर येथील वैद्यांनीं १०३ मुलांवरील निरीक्षण २००९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं चार वर्षांच्या वयापर्यंत २९ टक्के, आठ वर्षांपर्यंत ५६ टक्के आणि बारा वर्षांपर्यंत ६५ टक्के मुलें या बाधेंतून मुक्त झालीं होतीं. म्हणून आज वर्ज्य ठेवलेलें अन्न उद्यांही वर्ज्यच राहील असें नव्हे. वैद्याच्या देखरेखीखालीं तें पुन्हां पुन्हां तपासून पाहावें लागतें. घरच्या घरीं ‘थोडें देऊन पाहूं’ असा प्रयोग मात्र करूं नये. कारण ज्या मुलाला अन्नाची बाधा आणि दमा दोन्ही असतात, त्याची प्रतिक्रिया अधिक भयंकर होण्याचा संभव असतो. अन्न खाल्ल्यावर थोड्याच वेळांत गांधी, सूज किंवा वांती यांबरोबर धाप सुरू झाली, तर वाट पाहत बसूं नये. मुलाला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. अशा प्रसंगीं मांडींत टोंचलेलें ॲड्रेनलिन हेंच पहिलें औषध होय, आणि दम्याचा फवारा त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

त्याचबरोबर हेंही सांगितलें पाहिजे, कीं लहान मुलांतील बहुसंख्य दम्याशीं पोळीचा कांहींएक संबंध नसतो. सर्दीपडशाचे विषाणू, धुळींतील माइट, चुलीचा व तंबाखूचा धूर आणि घराण्यांतून आलेली प्रवृत्ति हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. धाप आली असतां सुटका करणारें सॅल्ब्युटामॉल १९६९ सालीं आणि श्वासनलिकांचा दाह शमविणारें श्वासावाटें घ्यावयाचें स्टेरॉइड १९७२ सालीं वैद्यांच्या हातीं आलें. ज्या मुलांना पूर्वीं डेन्व्हरसारख्या दूर ठिकाणीं धाडीत, त्यांच्यासारखीं बहुतेक मुलें आज आपल्याच घरीं राहून शाळेंत जातात आणि खेळतात. तरीही फवाऱ्याची संवय लागते अशा भीतीनें औषध टाकून पोळी बंद करणारीं घरें आढळतात. त्यांत मुलाचें दुहेरी नुकसान होतें. श्वासही सुधारत नाहीं आणि पोटही भरत नाहीं.

रामाझ्झिनीनें वैद्यांना रोग्याचा धंदा विचारण्यास सांगितलें. बालकाला धंदा नसतो. म्हणून त्याच्या बाबतींत घरालाच प्रश्न विचारावे लागतात. खाल्ल्यावर किती वेळानें त्रास झाला? तेंच अन्न पुन्हां दिलें तेव्हां पुन्हां तसेंच झालें काय? पीठ किती दिवसांचें होतें? उशी कशाची आहे? बाप कोठें काम करतो? घरांत कोणी विडी ओढतें काय? या प्रश्नांचीं उत्तरें बहुधा आईपाशीं असतात. तिला दोष देण्यांत वैद्यशास्त्राचीं कित्येक वर्षें फुकट गेलीं. तिचें म्हणणें नीट ऐकून घेऊन मग परीक्षेचा कस लावणें, ही आज रोगनिदानाची पहिली पायरी मानली जाते.